रोबोकॉपीची बॅच फाईल चालत नाहीये? हे बघा
रोबोकॉपी म्हणजे विंडोजचं फाईल्स कॉपी करायचं कमांड टूल, आणि बॅच फाईल म्हणजे त्याच्या कमांड्स लिहिलेली फाईल. तिच्यावर डबल क्लिक केलं की काळी विंडो लगेच बंद होते ना, मग शेवटच्या ओळीत पॉज लिहा म्हणजे एरर नीट वाचता येईल. बहुतेक वेळा घोळ पाथमधेच (फोल्डरचा पूर्ण पत्ता) असतो, नावात स्पेस असेल तर अख्खा पाथ डबल कोट्समधे टाका आणि बंद होणाऱ्या कोटच्या आधी बॅकस्लॅश ठेवू नका, त्याने सगळं गंडतं, माझी अख्खी संध्याकाळ यात गेलीये. एकाच फाईलवर अडकून बसलं तर डिफॉल्ट 10 लाख रिट्राय असतात, दर वेळी 30 सेकंद थांबून, म्हणून स्लॅश आर कोलन 2 (दोनच रिट्राय) आणि स्लॅश डब्ल्यू कोलन 5 (5 सेकंद थांबणं) द्याच. आणि प्लीज, स्लॅश मिर (डेस्टिनेशन हुबेहूब सोर्ससारखं करणारा पर्याय) लावायच्या आधी एकदा स्लॅश एल लावून नुसती लिस्ट बघा, सोर्समधे नसलेल्या फाईल्स मिर डेस्टिनेशनमधून उडवतो!! एक्झिट कोड (काम संपल्यावर रोबोकॉपी देतो तो आकडा) 1 म्हणजे कॉपी झाली, 8 किंवा जास्त आला तरच गडबड.