फुफ्फुसाचा वाढत जाणारा आजार: घरी दम कसा सांभाळावा

पल्मनरी फायब्रोसिस (फुफ्फुसात व्रण पडून ते कडक होणे) किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होणे) यांसारख्या आजारांत फुफ्फुसाची झालेली हानी भरून येत नाही. पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही औषधे फायब्रोसिसचा वेग कमी करतात, परंतु झालेले व्रण पुसत नाहीत. हे कळल्यावर आता करण्यासारखे काही उरले नाही असे अनेक कुटुंबे मानून बसतात, आणि माझ्या मते रुग्णाचे सर्वाधिक नुकसान तिथेच होते. दम लागणे हा स्वतंत्रपणे उपचार करता येण्याजोगा त्रास आहे. म्हणून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी काळजी, शेवटच्या दिवसांसाठी राखून न ठेवता मूळ उपचारांच्या जोडीनेच सुरू करावी.

धाप लागल्यावर रुग्णाला आडवे करू नये. खुर्चीत बसवून किंचित पुढे झुकवावे आणि कोपरे मांड्यांवर किंवा समोरच्या टेबलावरील उशीवर टेकवावीत. नाकाने श्वास घेऊन, ओठांचा चंबू करून, घेण्यास लागला त्याच्या साधारण दुप्पट वेळ लावून तो सावकाश सोडावा. बॅटरीवरचा छोटा पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरून नाकावर व गालांवर वारा घेतल्यास धापेची जाणीव कमी होते. भोवती घोळका न करता एकानेच जवळ बसावे आणि मान हलवून उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारावेत.

आंघोळीइतके दमवणारे काम दिवसभरात क्वचितच दुसरे असते, कारण हात डोक्यावर नेताना धाप वाढते आणि वाफेने मोरी कोंदते. त्यामुळे स्टुलावर बसून, कोमट पाण्याने, दार किलकिले ठेवून आंघोळ करावी, केस दुसऱ्याने धुवावेत आणि अंग पुसत बसण्याऐवजी मोठा सुती पंचा गुंडाळून पाणी टिपू द्यावे. ऑक्सिजन चालू असेल तर यंत्र बाहेर कोरड्या जागी ठेवून लांब नळी आत घ्यावी. जेवण थोडे थोडे, परंतु अधिक वेळा द्यावे.

ऑक्सिजनचा प्रवाह डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वाढवू नये. सीओपीडीत रक्तातील ऑक्सिजनची पातळी साधारणपणे 88 ते 92 टक्के राखली जाते. त्यापुढे रेटल्यास काही रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. नखांवर मेंदी किंवा नेलपॉलिश असल्यास ही पातळी बोटावर मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, म्हणून घरात एक भरलेला सिलिंडर असावा. स्वयंपाक आणि झोपणे एकाच खोलीत असेल, तर रुग्णाचे अंथरूण शेगडी व देव्हाऱ्यातील समईपासून शक्य तितके दूर मांडावे आणि ऑक्सिजन चालू असताना ज्योत पेटवू नये.

मुंबईच्या घरांत कबुतरांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. त्यांच्या विष्ठेच्या व पिसांच्या कणांनी काही लोकांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (ॲलर्जीसारखी फुफ्फुसाची सूज) होतो आणि पुढे त्यातूनही फायब्रोसिस उद्भवू शकतो. कबुतरांना दाणे घालण्याची जागा असलेला दादरचा कबुतरखाना 2025 मध्ये महापालिकेने ताडपत्रीने झाकला तेव्हा मोठा वाद झाला. भूतदयेची भावना मी समजू शकतो, तरी रुग्णाच्या खिडकीला जाळी हवीच आणि सज्जा रुग्णाने स्वतः साफ करू नये. उदबत्ती, धूप व डासांची कॉईल बंद करावी, पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरू देऊ नये, आणि शेजारी इमारत पाडली जात असेल तर त्या बाजूच्या खिडक्या काम चालू असेपर्यंत बंद ठेवाव्यात.

इतके करूनही बसल्या जागी दम लागत असेल, तर अल्प मात्रेतील मॉर्फिनबाबत डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. व्यसनाच्या भीतीने घरचे ते नाकारतात, परंतु काही निवडक रुग्णांना देखरेखीखाली त्याने आराम मिळू शकतो. बद्धकोष्ठतेचे औषध मात्र सोबत घ्यावे लागते.

व्हेंटिलेटर हवा की नको, हे रुग्ण स्वतः बोलू शकतो तोवरच त्याला विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलेले आणि 2023 मध्ये सुलभ केलेले वैद्यकीय इच्छापत्र (पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणे) दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. त्याची एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्यावी आणि दुसरी, रात्री-अपरात्री रुग्णालयात जाताना हाती येईल अशी, औषधांच्या फाईलमध्ये सर्वांत वर लावावी.