पोलीस शिपायाबद्दलचा शेरा लिहिण्याआधी

वर्षअखेरीस "काम समाधानकारक" एवढं खरडून फाइल पुढे सरकवायची असेल, तर मूल्यमापन न केलेलंच बरं. मी हाताखालच्या प्रत्येकासाठी एक वही ठेवायचो. ऐकीव काही नाही, स्वतः पाहिलेलंच लिहायचं: "रात्रपाळी. दारू प्यायलेला तरुण अंगावर धावून आला. शिपाई दोन पावलं मागे सरला, आवाज खाली आणला, नाव विचारलं. काठी उचलली नाही." नोंद त्याच दिवशी करा; वर्षअखेरीला फक्त शेवटची चूक आठवते.

अटकेचे, दंडाचे आकडे बघा, पण नुसत्या त्यांवर गुण देऊ नका. न्यूयॉर्क पोलिसांत 1994 साली कॉम्पस्टॅट, म्हणजे गुन्ह्यांच्या आकड्यांवरून कामाचा आढावा घ्यायची पद्धत, आली आणि त्या आकडेवारीवरून अधिकाऱ्यांना जाब विचारला जाऊ लागला. पुढे गुन्हे सौम्य करून नोंदवल्याच्या तक्रारी आल्या. येणारच! जागच्या जागी मिटवलेलं भांडण कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून ते वहीत हवं.

अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण फक्त तक्रार आल्यावर उघडू नका. अधूनमधून कुठलंही एक काढा, त्या शिपायाबरोबर बसून बघा आणि आधी त्यालाच बोलू द्या.

शेरा त्याला वाचून दाखवा. पटला नाही तर त्याचं म्हणणं खाली लिहून घ्या. प्रशिक्षणाला पाठवताना "वर्तन सुधारावे" असलं मोघम नको. "जबाब घेताना साक्षीदाराला मध्येच तोडतो" असं नेमकं लिहा, आणि तो परतल्यावर पहिला जबाब घेईल तेव्हा शेजारी बसा.