पाना घरी राहिला तर: मनोरी-उत्तनच्या फेरीआधी

मुंबईतल्या मार्वेहून सायकलसकट बोटीने मनोरी, तिथून गोराईमार्गे उत्तन असा बेत असेल, तर आदल्या रात्री पंप शोधण्याआधी कचऱ्याचा डबा बघा. टूथपेस्टची रिकामी ट्यूब उभी चिरून, धुऊन घ्या. टायर चिरला आणि आतली ट्यूब गळवासारखी बाहेर डोकावायला लागली की हा तुकडा आतून लावायचा आणि हवा थोडी कमीच ठेवायची. चार घड्यांची दुधाची पिशवी किंवा दहाची नोटही वेळ मारून नेते, पण टूथपेस्टची ट्यूब जास्त टिकते.

सायकलची जुनी ट्यूब फेकू नका. तिचे बोटभर रुंद काप म्हणजे फुकटचे रबरबँड. मडगार्ड, दिवा, काहीही बांधा. चिकटपट्टीचं अख्खं रीळ नको, पंपाभोवती चार वेढे गुंडाळले की पुरे. टायर काढायला स्टीलचे दोन चमचे घ्या. त्यांच्या दांड्या काम करतात. स्क्रूड्रायव्हर लावलात तर एकाची दोन पंक्चरं होतील.

व्हॉल्व्ह मात्र आजच बघून ठेवा. तो पातळ, टोकाला छोटा पेच असलेला प्रेस्टा असेल, तर पंक्चरवाल्याची नळी त्याला बसत नाही. ती स्कूटर-रिक्षाच्या जाड व्हॉल्व्हसाठी असते. मी एकदा चालू कॉम्प्रेसरच्या शेजारी सपाट चाक घेऊन तासभर बसलोय. नखाएवढा पितळी अ‍ॅडॉप्टर सीटखालच्या पिशवीत असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

पॅच चिकटवायच्या सोल्युशनची ट्यूब दाबून बघा, एकदा उघडलेली हमखास सुकते. पावसाळ्यात जुन्या बनियनचा कोरडा तुकडा प्लास्टिकमध्ये गुंडाळून घ्या, कारण ओल्या रबरावर पॅच धरत नाही. सोल्युशन लावल्यावर त्याची चमक जाईपर्यंत थांबायचं; घाई इथेच नडते. पॅचच संपले तर भोकाचा भाग चिमटीत ओढून त्याच्या बुडाशी करकचून गाठ मारा. चाक धपधप उडेल, पण फिरेल. तेही जमलं नाही तर टायरमध्ये गवत ठासून भरायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात अर्धा तास जातो आणि बोटं सोलवटतात.

चेनची पिन काढणाऱ्या चेन कटरला मात्र पर्याय नाही. दगड-खिळ्याने पिन ठोकून निघेलही, पण आजकालच्या चेनमध्ये ती परत नीट बसत नाही. म्हणून कटर आणि तुमच्या गिअरला जुळणारी एक क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायची सुटी कडी, घ्याच. निघताना पेडल हाताने हलवून बघा, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा.

बोटीचे पैसे वेगळे ठेवा. दहाची नोट टायरमध्ये गेलेली असू शकते.