बत्तीस बोरची काडतुसं घेताना आधी लांबी बघा

नाशिकच्या दुकानात नुसतं ‘बत्तीस बोर’ म्हणू नका. पिस्तुलाचं की रिव्हॉल्व्हरचं, ते सांगा. रिव्हॉल्व्हरच्या .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँगची पितळी पुंगळी, म्हणजे दारू भरलेली नळी, सुमारे २३.४ मिमी, तळाला पूर्ण कड. पिस्तुलाच्या .३२ एसीपीची (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) १७.३ मिमी, कड जेमतेम. घोटाळा असा, की एसीपी रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये बसू शकतं; पण बार उडताना त्याचा कमाल दाब २०,५०० पीएसआय (चौरस इंचावर पौंड), लाँगचा १५,०००. जुन्या रिव्हॉल्व्हरला तो झेपेलच असं नाही. लाँग १८९६ चं, उगाच दुर्लक्षित. सपाट तोंडाच्या वॉडकटर गोळीसह धक्का कमी, कागदावर भोक स्वच्छ. २५ मीटर सेंटर फायर (तळाच्या मध्यावर ठिणगी पडणाऱ्या काडतुसांच्या) नेमबाजीत ते आजही चालतं. पावसाळ्यात काडतुसं चामडी पट्ट्यात ठेवू नका, पितळ हिरवं पडतं. हवाबंद डबा, आत सिलिका जेल. रिकाम्या पुंगळ्या घरी भरणं परवान्याशिवाय गुन्हा आहे.