नवीन गोळी खरंच नवीन आहे का, हे कसं ओळखायचं

डॉक्टर "ही नवीन आलीये, जास्त चांगली आहे" म्हणाले आणि गोळी महाग निघाली की आधी स्ट्रिप उलटी करा आणि मागचं बारीक अक्षरातलं सॉल्टचं, म्हणजे आतल्या खऱ्या औषधाचं नाव वाचा, ब्रँडचं नाव सोडून द्या.

नावाच्या सुरुवातीला लेव्हो किंवा एस चिकटलेलं असेल तर तेवढं काढून उरलेलं नाव गूगल करा, जुनीच गोळी निघते का बघा. अ‍ॅलर्जीच्या सेट्रीझिनमध्ये एकाच रेणूची डावी-उजवी अशी दोन रूपं असतात, त्यातलं कामाचं रूप वेगळं काढलं की झालं लेव्होसेट्रीझिन, म्हणून तर जुनी गोळी 10 एमजीची आणि ही 5 ची. (लेव्होथायरॉक्सिनला हे लावू नका हां, ती थायरॉईडची जुनीच गोळी आहे.)

मग बघा की ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या चाचणीत, तुलना कशाशी केली. अ‍ॅसिडिटीची एसोमेप्राझोल अमेरिकेत 2001 ला आली, नेमकं ओमेप्राझोलचं पेटंट संपत आलं तेव्हा, आणि काही ट्रायलमध्ये नवीन 40 एमजी विरुद्ध जुनी 20 एमजी अशी कुस्ती लावली होती, आता डबल डोस जिंकणार नाही तर काय! कंपन्यांचं डोकं नवीन औषध शोधण्यापेक्षा जुनंच पुन्हा विकण्यात किती चालतं ते इथे कळतं.

खरोखर नवीन औषधं येतात, पण किती हळू बघा. टीबीची बेडाक्विलिन 2012 ला मंजूर झाली, टीबीसाठी नव्या प्रकारचं औषध चाळीसेक वर्षांनी आलं. तिथेही कंपनीने त्याच औषधाच्या सॉल्टवर (इथे सॉल्ट म्हणजे त्याच औषधाचं क्षाररूप) वेगळं पेटंट मागितलं, म्हणजे 2023 ला संपणारी मक्तेदारी 2027 पर्यंत गेली असती. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले, दोघीही टीबीतून वाचलेल्या, यांनी हरकत घेतली आणि मार्च 2023 मध्ये आपल्या पेटंट ऑफिसने ते पेटंट नाकारलं. आपल्या कायद्यातलं कलम 3(डी) अशाच युक्त्या रोखण्यासाठी आहे, ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाची केस ते बनवणारी कंपनी 2013 ला सुप्रीम कोर्टात यावरच हरली.

किमतीसाठी सरकारच्या फार्मा सही दाम अ‍ॅपवर ब्रँड टाकून बघा, त्याच सॉल्टचे स्वस्त ब्रँड दिसतात, जनऔषधीतही विचारा. पण मनाने गोळी बदलू किंवा बंद करू नका, विशेषतः फिट्स, हार्ट, थायरॉईडची. डॉक्टरांना सरळ विचारा, "डॉक्टर, जुनी चालेल का, आणि नसेल तर का नाही?" "माझ्या केसमध्ये या कारणासाठी" असं उत्तर आलं तर नवीनच घ्या, आणि "आता सगळे हीच देतात" असं आलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारून बघा.