‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधलं खरं आणि खोटं : वाचताना आणि बसवताना या चुका टाळा

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, नायिका लीला बेणारे सुलभा देशपांडे यांनी केली. तेव्हापासून हौशी संघ हे नाटक करत आलेत, विद्यार्थी त्यावर लिहीत आलेत, आणि घोटाळा बहुतेक वेळा एकाच जागी होतो. सत्य आणि वास्तव हा या नाटकाचा विषय आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यातलं सत्य म्हणजे ‘बाईचं गुपित’ (अविवाहित बेणारे प्राध्यापक दामल्यांपासून गरोदर आहे, हे) असं धरून पुढचं सगळं रचलं जातं. तसं धरलं की नाटक रहस्यकथा होतं, आणि गुपित फुटल्यावर उरलेल्या तिसऱ्या अंकाचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

पहिली चूक म्हणजे नाटकातल्या लुटुपुटीच्या खटल्याचा खेळ कुठेतरी संपतो असं मानणं. ‘आधी गंमत, मग खरा खटला’ अशी रेघ मारली जाते. मग दुसऱ्या अंकात वकील झालेल्या सुखात्म्यांचा आवाज एकदम घोगरा होतो, न्यायाधीश झालेले काशीकर डोळे वटारतात, प्रकाश लालसर होतो. संहितेत अशी रेघ नाही. एक नाट्यमंडळी गावात कोर्टाचा प्रयोग करायला आलीय. संध्याकाळच्या प्रयोगासाठी एक नट कमी आहे, त्याच्या जागी गावातल्या सामंताला उभं करायचंय, आणि कोर्ट कसं चालतं हे त्याला दाखवायला म्हणून हा लुटुपुटीचा खटला सुरू होतो. बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात तोही त्याच भरात. माणसं क्रूर होतात ती खेळाच्या आडोशाने. ‘अहो, खेळच तर आहे’ हे वाक्य त्यांच्या खिशात शेवटपर्यंत असतं. ते काढून घेतलं तर ही मंडळी साधी खलनायक ठरतात, आणि खलनायकांपासून प्रेक्षक स्वतःला सहज वेगळा काढतो. तालमीत तिसरा अंक सपाट वाटत असेल तर आधी दुसरा अंक तपासा. बहुतेकदा चढायची जागा तिथेच संपवलेली असते. सुखात्म्यांनी वकिलीची हौस भागवून घेतल्याचा आनंद शेवटपर्यंत टिकवला, तर पुढची प्रत्येक साक्ष आपोआप जड होते.

दुसरी चूक सामंताच्या साक्षीत होते. माझ्या मते सत्य-असत्याच्या दृष्टीने नाटकातली ही सगळ्यात महत्त्वाची जागा, आणि तीच घाईत उरकली जाते. सामंत भाबडा आहे. साक्ष द्यायची म्हणजे काहीतरी सांगायला हवं, म्हणून तो हातातल्या कादंबरीतून प्रसंग उचलतो. प्राध्यापक दामल्यांची खोली, बंद दार, आतून रडण्याचा आवाज, ‘या अवस्थेत मी कुठे जाऊ’ अशा अर्थाचं एका बाईचं बोलणं. सगळं रचलेलं. बेणारे ओरडते की हे खोटं आहे, आणि बाकीचेही म्हणतात, खोटंच आहे, त्यात काय! तरी त्या क्षणापासून कुणीच तिच्याकडे पहिल्यासारखं बघत नाही. कारण पुरावा साक्षीतून मिळालेला नाही, तो तिच्या चेहऱ्यावर मिळालाय. म्हणजे खोट्या मजकुरानं खरी गोष्ट पकडली, आणि ती पकडणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही नाही.

इथे दोन व्यावहारिक गोष्टी सांभाळा. कादंबरी प्रेक्षकांना स्पष्ट दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर सामंताला खरंच काहीतरी माहीत होतं असं वाटतं आणि सगळा अर्थ उलटतो. दुसरं, साक्ष चालू असताना प्रकाश सामंतावर एकवटू नका. बघायचंय ते बेणारेकडे.

लेखात किंवा उत्तरपत्रिकेत ‘सत्य अखेर उघडकीस येते’ असं लिहिणं ही तिसरी चूक. उघडकीस येते ती माहिती. शपथ शब्दकोशावर हात ठेवून घेतली जाते. वकीलपत्र दोन्ही बाजूंचं सुखात्म्यांकडेच असतं. न्यायाधीश काशीकर खुर्ची सोडून स्वतः साक्षीला उभे राहतात. मंडळीतले पोंक्षे, रोकडे, कर्णिक साक्षीत जे सांगतात त्यातलं बरंचसं घडलेलं असेलही, पण कशासाठी सांगताहेत आणि स्वतःचं काय गाळताहेत ते बघा. आणि निकाल काय लागतो? आरोप भ्रूणहत्येचा, शिक्षा मात्र पोटातला गर्भ नष्ट करण्याची! ज्या कृत्यासाठी तिला पिंजऱ्यात उभं केलं, तेच करायचा हुकूम कोर्ट देतं. हा विरोध ज्या उत्तरात नाही, ते उत्तर नाटकाच्या मुळाशी पोचलेलं नाही.

बेणारेचं स्वगत ही चौथी जागा. तिला बोलायला दहा सेकंद मिळतात, आणि ती बोलते तेव्हा बाकी सगळे जिथल्या तिथे गोठलेले असतात. पुष्कळ बेणारे इथे कोर्टाला उद्देशून भाषण करतात, कधी काशीकरांकडे बोट रोखून. त्याने टाळ्या मिळतात, पण आशय जातो. स्वतःच्या शरीराबद्दल, प्रेमाबद्दल, जगण्याच्या ओढीबद्दल ती जे सांगते ते त्या खोलीत कुणाच्याही कानावर पडत नाही. ते तिने मोठ्याने उच्चारलं की नाही, हेही नक्की नाही. या नाटकात सगळ्यात खरं तेच आहे, आणि नोंद होत नाही ती त्याचीच. म्हणून आजूबाजूच्या नटांनी गोठणं काटेकोर हवं. एकानेही ऐकल्यासारखी मान हलवली की घात झाला.

दाराच्या कडीवर प्रतीक म्हणून परिच्छेद लिहिले जातात. लिहा, पण ती आधी खरी कडी आहे हे विसरू नका. सुरुवातीला तिच्यात बोट सापडून बेणारेला लागतं, पुढे तिला बाहेर पडायचं असतं तेव्हा दार बाहेरून बंद झालेलं असतं. त्या वेळी पार्श्वसंगीत वगैरे नको. दार उघडत नाही, एवढंच नीट दिसू द्या.

दामल्यांना उत्तरात विसरू नका. ते एकदाही रंगमंचावर येत नाहीत, साक्षीला पुकारा होतो आणि गैरहजर म्हणून विषय संपतो. अर्धं सत्य ज्याच्यापाशी आहे त्याला कुणी शोधायलाही जात नाही.

स्विस लेखक ड्युरेनमाटच्या १९५६च्या ‘डी पाने’ या जर्मन कथेशी तुलना करायची असेल तर साम्यावर थांबू नका. तिथेही लुटुपुटीचा खटला आहे, पण तिथल्या आरोपीला आपला गुन्हा पटत जातो, जवळजवळ अभिमानाचा वाटू लागतो. बेणारेला तो कधीच पटत नाही. तुलनेचा परिच्छेद या फरकापासून सुरू करा, साम्य दोन ओळींत येऊ द्या.