स्पेनमधे ग्रॅव्हल सायकलिंग करताय? रिकाम्या रस्त्यांवरच्या या चुका टाळा

ग्रॅव्हल सायकलिंग म्हणजे खडीच्या, कच्च्या रस्त्यांवरून सायकल चालवणं. स्पेनच्या आतल्या भागात रस्त्यांवर गाड्या का नसतात हे आधी नीट लक्षात घ्या, म्हणजे खालच्या निम्म्या चुका तुमच्याकडून होणारच नाहीत. गाड्या नाहीत कारण माणसंच नाहीत. तेरुएल प्रांतात एका चौरस किलोमीटरला साधारण ९ माणसं राहतात, आपल्या महाराष्ट्राचा आकडा २०११ च्या जनगणनेत ३६५ होता. गावं आहेत, दगडी घरं आहेत, चर्च आहे, पण तरुण मंडळी कधीच माद्रिद नाहीतर बार्सिलोनाला गेली. म्हणून तर तासन् तास फक्त टायरखाली खडी वाजतेय आणि वर गिधाडं फिरतायत असं सायकलिंग तिथे मिळतं, आणि मला विचाराल तर युरोपात याच्याइतकं सुंदर दुसरं काही नाही. पण त्याच कारणामुळे वाटेत टपरी नाही, पंक्चरवाला नाही, बऱ्याच ठिकाणी रेंज नाही. सह्याद्रीत कुठेही अडकलो तरी तासाभरात कोणीतरी बाईकवरून येतंच, ती सवय इथे चालत नाही.

किलोमीटर मोजून दिवस ठरवणे

सगळ्यात मोठी चूक हीच. घरी बसून मॅपवर ९० किमीची रेघ मारली, चढ बघितला, जमतंय म्हटलं आणि निघालो. तिथे दिवस ठरतो पाण्यावर आणि उघड्या बारवर (बार म्हणजे नुसता गुत्ता नव्हे, गावातलं कॉफी-खाण्याचं हॉटेलच). आदल्या रात्री बसून मधली गावं काढा, कुठल्या गावात कारंजं, म्हणजे पाण्याचा सार्वजनिक नळ आहे, कुठे बार किंवा दुकान आहे ते बघा, आणि जमलं तर मुक्कामाच्या मालकाला फोन करून विचारा, कारण मॅपवर दिसणारा बार दोन वर्षांपूर्वीच बंद झालेला असू शकतो. गावातली दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात ती पाच वाजता उघडतात, रविवारी बहुतेक बंदच, आणि बारचीही आठवड्यातून एक सुट्टी असते, बऱ्याचदा सोमवारी. म्हणजे शनिवारी संध्याकाळी ब्रेड, चीज, फळं, सुकामेवा घेऊन ठेवला नाही तर सोमवार दुपारपर्यंत हाल. रात्रीचं जेवण साडेआठ-नऊच्या आधी बहुतेक ठिकाणी मिळत नाही, आठ वाजता भूक लागणाऱ्यांनी पिशवीत काहीतरी ठेवाच.

गावातल्या कारंज्याचं पाणी बहुतेक वेळा उत्तम असतं, थंडगार. फक्त पाटी बघा. ‘नो पोताब्ले’ लिहिलं असेल तर प्यायचं नाही. ‘सिन त्रातार’ असेल तर ते क्लोरीन वगैरे न टाकलेलं झऱ्याचं पाणी, गावातली लोकं पितात, पण आपल्याजवळ फिल्टर किंवा गोळ्या असलेल्या बऱ्या. उन्हाळ्यात तीन-चार लिटर पाणी नेता येईल एवढी सोय सायकलवर हवीच.

शाकाहारी असाल तर एक जास्तीची काळजी. सॅलडवर टूना मासा न सांगता येतो, भाजीच्या पदार्थात हॅमचे तुकडे असतात आणि वाढणाऱ्याला ते मांसात धरायचंच सुचत नाही, म्हणून नुसतं ‘मांस नको’ म्हणू नका, ‘हामोन’ (हॅम) नको, ‘आतून’ (टूना) नको असं नाव घेऊन सांगा. टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला भाजका पाव सकाळी सगळीकडे मिळतो, अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट आहेच, या दोघांवर दिवस निघतो.

चुकीचा महिना

जुलै-ऑगस्टमधे दक्षिणेकडच्या आंदालुसिया किंवा एक्स्त्रेमादुरात जाऊ नका, पारा ४० च्या वर जातो आणि सावली म्हणाल तर ऑलिव्हच्या झाडांची, तीही लांब लांब. एप्रिल ते जूनचा पहिला भाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, हे चांगले दिवस. पण स्पेन म्हणजे गरम एवढंच डोक्यात ठेवून गेलात तर तेरुएलच्या डोंगरात रात्री कुडकुडाल. तेरुएल शहरच ९०० मीटरच्या वर आहे, आजूबाजूची गावं त्याहून उंच, आणि याच पट्ट्यातल्या कालामोचा गावात १९६३ च्या डिसेंबरमधे उणे ३० तापमान नोंदलं गेलंय. मे महिन्यातही पहाटे दव गोठू शकतं. पातळ डाऊन जॅकेट आणि पूर्ण बोटांचे ग्लव्हज घ्या, वजनाचा विचार करू नका.

उन्हाळ्यात वणव्यांचा धोका असतो. धोका फार वाढला की कॅटलोनियात काही डोंगरी भागांत जायलाच बंदी घालतात, त्यामुळे सकाळी निघायच्या आधी तिथली सूचना बघायची. जंगलात स्टोव्ह पेटवायचा विचारही नको. तंबूचे नियम प्रत्येक प्रांतात वेगळे आहेत आणि बऱ्याच ठिकाणी कुठेही तंबू ठोकायला बंदी आहे, गावात विचारून मगच ठोका.

पाऊस पडल्यावरही पुढे रेटणे

याबद्दल जरा सविस्तर लिहितोय कारण इथे सायकल खरोखर मोडते. आरागोन (तेरुएल यातच येतं) आणि शेजारच्या नवारा प्रदेशातल्या बऱ्याच कच्च्या रस्त्यांवर चिकण माती आहे. कोरडी असताना सिमेंटसारखी कडक, मजा येते, पण वीस मिनिटं पाऊस झाला की आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या रानासारखी पायाला आणि टायरला धरते. आधी टायर दुप्पट जाड दिसायला लागतो, मग फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि टायरच्या मधे माती ठासते, चाक फिरायचं थांबतं. इथे लोक काय करतात, तर जोर लावून पेडल मारतात, आणि मातीत रुतलेला मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) चाकात ओढला जाऊन हँगर, म्हणजे तो फ्रेमला धरून ठेवणारी छोटी पट्टी, तुटतो. जवळचं सायकल दुकान ८० किमी लांब.

तेव्हा टायरला माती चढतेय असं दिसलं की तिथेच उतरा. ढकलूही नका, ढकलतानाही माती भरतेच, उचला आणि कडेच्या गवतावर किंवा दगडावर न्या. काडीने किंवा टायर लिव्हरने फोर्कमधली, ब्रेकजवळची माती काढा. ऊन आणि वारा असेल तर काही तासांत वरचा थर सुकतो, थांबायची तयारी ठेवा. नाहीतर सरळ डांबरी रस्ता पकडा, या भागातल्या गावांना जोडणाऱ्या डांबरी रस्त्यावरही गाड्या तुरळकच असतात, त्यात कमीपणा काही नाही. तुमच्याच फ्रेमचा जास्तीचा हँगर आणि चेनचा क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) खिशात असलाच पाहिजे. नवारातल्या बार्देनास रेआलेस या वाळवंटासारख्या भागात जाणार असाल तर पावसानंतरचे दिवस सोडाच, आणि एरवीही सकाळी ८ ते सूर्यास्ताच्या तासभर आधीपर्यंतच फिरता येतं. मधोमध हवाई दलाचं सरावाचं मैदान आहे, खुणा केलेला रस्ता सोडून शॉर्टकट मारायचा नाही.

सराटे

हो, आपलेच सराटे, तीच वनस्पती तिकडेही आहे आणि शेताच्या कडेला उन्हाळ्याच्या शेवटी भरपूर असते. रस्त्याच्या मधे टायरला सहसा काही होत नाही, फोटो काढायला किंवा सावलीत बसायला आपण सायकल कडेच्या सुक्या गवतात ढकलत नेतो तेव्हा दोन्ही टायर भरतात. उचलून न्या. टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) असेल तर काटा काढून ते भोक खाली येईल असं चाक फिरवून धरा, आतलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) भरतं. गरम कोरड्या हवेत सीलंट लवकर सुकतं, म्हणून ट्रिपच्या आधी नवीन टाका आणि छोटी बाटली बरोबर ठेवा. ट्यूब वापरत असाल तर नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून रुमाल फिरवा, एका पंक्चरमागे तीन-चार काटे निघतात.

पाट्या बघून घाबरणे, आणि ज्या बघायला हव्यात त्या न बघणे

काळी-पांढरी तिरकी विभागलेली छोटी पाटी दर थोड्या अंतरावर दिसते, त्यावर कधी ‘कोतो प्रिवादो दे कासा’ लिहिलेलं असतं. बरेच जण खासगी जागा समजून मागे फिरतात. ती फक्त शिकारीचे हक्क राखीव असल्याची खूण आहे, सार्वजनिक वाटेवरून जायला आडकाठी नाही. पण साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी, विशेषतः शनिवार-रविवारी, रानडुकरांची हाका घालून शिकार चालते. ‘बातिदा’ किंवा ‘मोंतेरिया’ची तात्पुरती पाटी आणि शेजारी उभ्या जीप दिसल्या तर खरंच मागे फिरा.

गेट बंद असेल आणि कुलूप नसेल तर उघडा, जा, आणि परत लावा. मेंढरं बाहेर पडली तर नुकसान त्या मेंढपाळाचं. इथल्या बऱ्याच वाटा मुळात मेंढ्यांच्याच, कास्तिलच्या राजाने, दहाव्या आल्फोन्सोने १२७३ मधे मेंढपाळांच्या संघटनेला हक्क दिले तेव्हापासूनच्या, मोठ्या वाटा तर ७५ मीटरपर्यंत रुंद. १९९५ च्या कायद्याने त्यावर चालायला आणि सायकलला मुभा आहे, पण पहिला हक्क जनावरांचा. आपल्याकडे धनगरांचा वाडा वाटेत भेटला की आपण थांबतो, तसंच थांबायचं. कळपाबरोबर राखणीचे मोठे मास्तीन जातीचे कुत्रे असतात, ते धावून आले की जोरात पळायला जाऊ नका. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे ठेवा, शांत आवाजात बोलत, कळपाला लांबून वळसा घालून चालत जा. पेडलिंग थांबलं की बहुतेक कुत्रे शांत होतात.

ॲपने काढलेल्या रूटवर आंधळा विश्वास

ॲपला एखादी वाट दिसते, पण ती झुडपांनी बुजलीय की नदीने वाहून नेलीय ते त्याला कळत नाही. प्रत्येक शंकेची जागा सॅटेलाइट फोटोवर बघा, स्पेनच्या सरकारी नकाशा संस्थेचे १:२५,००० नकाशे फुकट मिळतात तेही बघा, आणि सगळं ऑफलाइन उतरवून ठेवा. मदतीचा नंबर ११२, आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या नेटवर्कवरून लागतो.

पहिल्यांदाच जात असाल तर एकदम मोंतान्यास वासियास हा तेरुएलच्या डोंगरांतून जाणारा सुमारे ६८० किमीचा लूप धरू नका, त्याला ४५ मिमीच्या वरचे टायर, हलके गिअर आणि अनुभव लागतो. आधी जुन्या रेल्वेमार्गांवर केलेल्या व्हिया व्हेर्दे करा, आगगाडीचा चढ असल्याने पायावर ताण कमी. ओलोत ते जिरोना ५४ किमी, वाटेत गावं भरपूर. ओल्व्हेरा ते पुएर्तो सेरानो ३६ किमी आणि त्यात ३० बोगदे, पुढचा-मागचा लाइट विसरू नका, हेल्मेट तर गावाबाहेर कायद्यानेच लागतं. नंतर ओखोस नेग्रोस, सुमारे १६० किमी, खाणीतून लोखंडाचं खनिज साग्युंतोच्या बंदराला नेणारी जुनी लाइन. ती तेरुएलकडून समुद्राकडे करा, एस्कांदोनची खिंड ओलांडली की पुढे बहुतेक उतार आहे. उलट्या दिशेने गेलात तर तोच उतार दिवसभराचा चढ होतो.